सपाट तुकड्यावरचे प्रमाणपत्र आणि आपल्या नळीतला थर : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील अन्न, दुग्ध, पेय व औषध कारखान्यांचे मालक, व्यवस्थापक आणि खरेदी विभागप्रमुख यांस

विषय : यंत्रसामग्रीवरील बायोफिल्म रोखण्यासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या लेपांची खरेदी आणि चाचणी

महोदय / महोदया,

सादर नमस्कार. या पट्ट्यातील कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून सुमारे तीन दशके काम करून मी निवृत्त झाले आहे आणि ऐरोलीत राहते. कोणत्याही लेपाच्या, यंत्राच्या किंवा रसायनाच्या विक्रीशी माझा संबंध नाही. पत्र लिहिण्याचे कारण असे की गेल्या काही महिन्यांत रबाळे, महापे आणि तुर्भे येथील तीन कारखान्यांतल्या जुन्या सहकाऱ्यांनी मला तीन निरनिराळ्या विक्रेत्यांची माहितीपत्रके वाचायला पाठवली, आणि तिन्हींच्या पहिल्या पानावर ‘९९.९ टक्के जंतुनाश’ हाच दावा ठळक अक्षरांत होता. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममुळे, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीच्या सरकारी नियमांमुळे, अनेक औषध कारखान्यांत टाक्या, नळ्या आणि पाण्याच्या यंत्रणा बदलण्याचे काम निघाले. त्याच ओघात हे लेप आपल्यासमोर आले आहेत आणि अन्नप्रक्रिया करणारेही आता त्यांची चौकशी करू लागले आहेत. माझी विनंती एवढीच आहे की हे पदार्थ आपल्या पाण्यात, आपल्या मालाबरोबर आणि आपल्या धुलाईच्या चक्रांतून तपासले जाईपर्यंत त्यांची ऑर्डर देऊ नये, आणि ही तपासणी प्रत्येकाने एकट्याने न करता आपण सर्वांनी मिळून करावी.

प्रयोगशाळेत ज्याला बायोफिल्म म्हणतात त्याची ओळख घरातल्या प्रत्येकाला असते. पाण्याचे पिंप चार दिवस घासले नाही की आतून हात फिरवताना बोटांना जी बुळबुळ लागते, ती बायोफिल्मच. पाण्यात सुटे फिरणारे जंतू पृष्ठभागाला आधी सैलसर टेकतात, मग घट्ट धरून बसतात, आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिने व पेशीबाहेर पडलेला डीएनए यांचे चिकट आवरण विणतात. धुलाईचे रसायन त्या आवरणात शिरताना वाटेतच खर्ची पडते. तळाशी बसलेल्या पेशींची वाढ मंदावलेली असल्यामुळे जे थोडे पोहोचते त्याचाही त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. सुट्या जंतूला मारणारी मात्रा त्याच जंतूच्या थरासाठी दहापट ते हजारपट वाढवावी लागू शकते, ती यामुळे. हे ज्ञान जुने आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरचे कीटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि व्हिनेगरने दात धुतल्यावर बाहेरचे जीव मेले तरी आतले जिवंत राहिले, असे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. विभागात नव्याने आलेल्या मुलांना मी गमतीने म्हणत असे की आपण व्हिनेगरच्या जागी कॉस्टिक (धुलाईचा दाहक सोडा) आणले, बाकी गोष्ट तीच आहे.

हा थर कोणाचा आणि कुठे, हे मात्र कारखान्यागणिक बदलते. दुग्धशाळेत पाश्चरायझरच्या प्लेटांवर उष्णता सोसणारे बॅसिलससारखे बीजाणू करणारे जंतू बसतात. थंड दुधाच्या टाक्यांत सूडोमोनास वाढतो; तो स्वतः पाश्चरायझेशनमध्ये मरतो, पण त्याने आधीच सोडलेली, मेद आणि प्रथिने तोडणारी विकरे त्या उष्णतेत टिकतात आणि पुढे पिशवीतल्या दुधाची चव बिघडवतात. शीतगृहाची भीती लिस्टेरियाची, कारण तो शून्य अंशाच्या आसपासही वाढत राहतो. २००८ साली कॅनडात मांस कापण्याच्या यंत्रांच्या आतल्या, रोजच्या धुलाईत न उघडल्या जाणाऱ्या भागांत तो साचला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. सिरप आणि तत्सम पाण्यावर आधारलेल्या औषधांत बर्कहोल्डेरिया सेपेशिया या गटाने जगभर डोकेदुखी करून ठेवली असून, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये उत्पादकांना इशारा दिला आहे. एका लेपाने या सर्वांचा बंदोबस्त होतो असे कोणी सांगू लागले की मी चष्मा पुसून माहितीपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचते.

येथे मला माझ्याच कामातला एक प्रसंग सांगावासा वाटतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. सिरप बनवणाऱ्या त्या कारखान्यात एका पावसाळ्यात शुद्ध पाणी सतत फिरवणाऱ्या नळ्यांच्या लूपमध्ये दर सोमवारी काउंट, म्हणजे मोजणीत जंतू, येऊ लागला. मंगळवारी सॅनिटायझेशन केले की तो उतरे, शनिवारपर्यंत सारे शांत असे, आणि रविवारच्या सुट्टीनंतर प्लेटवर पुन्हा टीएनटीसी, म्हणजे मोजता न येण्याइतक्या वसाहती. मालकांनी एका विक्रेत्याच्या सल्ल्याने साठवण टाकीला आतून चांदीचे आयन सोडणारा लेप लावून घेतला. औषधाच्या पाण्यात चांदी उतरलेली चालेल का, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीच विचारला नाही, आणि मीही तो पुरेशा मोठ्या आवाजात विचारला नाही, याची खंत मला अजून आहे. टाकीच्या भिंतीवरून बोळ्याने पुसून घेतलेले नमुने, म्हणजे स्वॅब, उत्तम आले. काउंट मात्र येतच राहिला. अखेर अकरा आठवड्यांनी देखभाल विभागातल्या एका फिटरने दाबमापकाचा टी-जोड उघडला, तेव्हा नळीच्या व्यासाच्या जवळजवळ आठपट लांबीच्या त्या आंधळ्या, म्हणजे पुढे बंद असलेल्या आणि पाणी न वाहणाऱ्या, फांदीतून करडा, बोटाने ओढला तर तार सुटेल असा थर निघाला. शेजारच्या वेल्डिंगचा आतला भाग निळा-काळा पडून खरबरीत झाला होता, कारण जोड मारताना नळीच्या आतून आर्गॉन वायू सोडलेलाच नव्हता. फांदी कापणे, जोड नव्याने मारणे आणि पॅसिव्हेशन करणे (आम्लाने धुऊन पोलादाचा संरक्षक थर पुन्हा बसवणे) यांना मिळून एक दिवस लागला. लेप वाईट होता असे मी म्हणणार नाही. दुखणे एकीकडे होते आणि मलम दुसरीकडे लावले होते.

आता प्रमाणपत्राबद्दल. या माहितीपत्रकांत ज्या मानकाचा आधार दिलेला असतो ते बहुधा आयएसओ २२१९६ असते. ते मानक चुकीचे नाही, परंतु ते नेमके काय मोजते हे खरेदी विभागाने वाचलेले असावे. पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या सपाट तुकड्यावर ०.४ मिलिलिटर जंतुद्रव ठेवतात, त्यावर पातळ फिल्म झाकतात, ३५ अंश सेल्सिअसच्या दमट कपाटात तो २४ तास ठेवतात आणि मग किती जंतू जिवंत उरले ते मोजतात. जंतू दोनच : स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय. खाद्य म्हणून दिलेला न्यूट्रिएंट ब्रॉथ पाचशेपट पातळ केलेला. म्हणजे या चाचणीत प्रवाह नाही, दूध नाही, साखर नाही, कॉस्टिक नाही, आणि तुकडाही कोरा करकरीत. आपल्या नळीतली परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. दुधात बारा टक्क्यांच्या आसपास घन पदार्थ असतात आणि माल वाहू लागताच काही मिनिटांत धातूवर प्रथिनांचे अस्तर चढते. त्यानंतर येणारा जंतू विक्रेत्याच्या लेपाला स्पर्शही करत नाही, तो त्या अस्तराला चिकटतो. लेप कितीही जालीम असला तरी ज्याच्याशी त्याची गाठच पडत नाही त्याला तो मारणार कसा, हे मला आजवर कोणत्याही विक्री प्रतिनिधीने समाधानकारक सांगितलेले नाही.

त्या ९९.९ टक्क्यांचाही हिशेब करून पाहावा. एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाख जंतू असतील तर त्यातले ९९.९ टक्के मेल्यावर एक हजार उरतात. ते तासाला दुप्पट होत आहेत असे धरले, तर दहा तासांत ते पुन्हा दहा लाखांवर जातात. रात्रीची पाळी बंद असलेल्या कारखान्यात संध्याकाळी आठ ते सकाळी सहा एवढाच हा वेळ आहे.

तरीही या पदार्थांमागचे विज्ञान पोकळ आहे असा समज कोणी करून घेऊ नये. त्यातले काही इतके देखणे आहे की निवृत्तीनंतरही मी त्याविषयी आवडीने वाचते. तांब्याचेच पाहा. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून रीतसर नोंदणीही केली. पण ज्या घरात तांब्याची घागर होती त्याच घरात पितळी पातेल्यांना दरवर्षी कल्हई करून घेतली जाई, कारण आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि ते तांबे अन्नात उतरते. आंब्याचा रस, टोमॅटोची प्युरी, ताक, शिवाय धुलाईचे नायट्रिक आम्ल, हे सारे ज्या वाटेने जाते तिथे तांब्याला जागा नाही. दारांच्या मुठी, ट्रॉलींचे दांडे, हात धुण्याच्या जागेवरच्या तोट्या येथे ते अवश्य वापरावे. चांदीची अडचण निराळी आहे : तिचे आयन क्लोराइडशी आणि प्रथिनांतल्या गंधकाशी लगेच बांधले जातात, त्यामुळे शुद्ध पाण्यात पराक्रम गाजवणारा लेप मठ्ठ्यात किंवा मिठाच्या पाण्यात निस्तेज होतो. शिवाय आयन सोडून काम करणाऱ्या लेपाचा साठा कधीतरी संपणारच, आणि सुटलेली चांदी शेवटी आपल्याच पट्ट्यातल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोहोचणार. तिथे जंतूच आपले सांडपाणी शुद्ध करण्याचे काम करत असतात, आणि त्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाला काम करायला अतिनील प्रकाश लागतो. बंद नळीत तो कुठून येणार?

जंतूला मारण्याऐवजी त्याला टिकूच न देणारे पृष्ठभाग ही दुसरी वाट आहे आणि माझा कल तिच्याकडे अधिक आहे, कारण मारणाऱ्या पृष्ठभागावर मेलेल्या जंतूंचा खच पडतो आणि पुढचे जिवंत जंतू त्यावर आरामात बसतात. अळवावरचे पाणी जसे पानाला न भिजवता ओघळते, तसा अतिजलविरोधी पृष्ठभाग कारखान्यात करता येतो. पण अळूचे पान ज्या हवेच्या सूक्ष्म थरामुळे कोरडे राहते तो थर सतत पाण्याखाली, दाबाखाली ठेवल्यास हळूहळू निघून जातो, आणि मग उरतो तो केवळ खडबडीत पृष्ठभाग. हार्वर्डमधील जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ साली घटपर्णीच्या निसरड्या काठावरून कल्पना घेतली : सच्छिद्र पृष्ठभागात हवेऐवजी तेल मुरवायचे. २०१२ साली त्यांनी दाखवले की अशा पृष्ठभागावर सात दिवसांत सूडोमोनासची ९९.६ टक्के बायोफिल्म टिकू शकली नाही, आणि हा प्रयोग वाहत्या द्रवातही केलेला होता. मात्र या कामात वापरली गेलेली तेले प्रामुख्याने फ्लोरिनयुक्त होती. अन्नाच्या संपर्कात कोणते तेल चालेल, ते मालात किती उतरेल आणि सत्तर-ऐंशी अंशांच्या कॉस्टिकमध्ये किती दिवस टिकेल, याची उत्तरे आधी हवीत. फ्लोरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या त्वचेवरून घेतलेला शार्कलेट हा नक्षीचा पृष्ठभाग मुळात जहाजांच्या तळासाठी होता. त्याच्या कंगोऱ्यांची रुंदी सुमारे दोन मायक्रोमीटर असते. होमोजिनाइझ केलेल्या दुधातले मेदाचे बहुतेक कण याहून लहान असल्यामुळे ते त्या खाचांत सहज शिरतील, अशी मला शंका आहे. चतुराच्या पंखांवरील नॅनोमीटर मापाचे सुळके आणि तशाच रचनेचे काळे सिलिकॉन जंतूंना यांत्रिकपणे फाडतात, हे एलेना इव्हानोव्हा यांच्या गटाने २०१३ साली दाखवले. हे वाचताना माणूस थक्क होतो, पण त्या सुळक्यांवर ब्रश फिरवण्याची मुभा आपल्या सफाई कामगाराला देता येणार नाही.

यातून आपल्या उपयोगाचे आज काय उरते, असे मला विचाराल तर निकेल आणि टेफ्लॉन यांचा एकत्रित लेप मी प्लेट हीट एक्स्चेंजरवर आधी तपासून पाहीन. त्याच्यावर जंतू मरतात असा दावा नसतो. जमलेला मळ लवकर सुटतो एवढेच अपेक्षित असते, आणि धुलाईचा वेळ व कॉस्टिक वाचले तरी पैसे वसूल होऊ शकतात. गॅस्केटबद्दलही, म्हणजे जोडांमधल्या रबरी चकत्यांबद्दलही, हेच. रबर जुने होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि धातू स्वच्छ असताना काउंट तिथून येतो. चांगल्या प्रतीचे गॅस्केट आणि ते बदलण्याची ठरलेली तारीख, ही माझ्या मते या पट्ट्यातील सर्वांत स्वस्त ‘नवी सामग्री’ आहे.

अर्थात जुन्या पोलादाचे देणे फेडल्याशिवाय नव्या पदार्थाला हात घालण्यात अर्थ नाही. ३१६ एल या प्रतीच्या स्टेनलेस पोलादात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते क्लोराइडला ३०४ या प्रतीपेक्षा अधिक तोंड देते, परंतु ज्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे ते स्वच्छ राहते तो थर काही नॅनोमीटरच जाड असतो आणि निष्काळजी वेल्डिंगने किंवा लोखंडी ब्रशने जातो. अन्नाच्या संपर्कातल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या आत असावा हा संकेत सर्वांना पाठ आहे; तो शेवटचा कधी मोजला, हे विचारले की मात्र बैठकीत शांतता पसरते. त्याखाली आणखी कितीही गुळगुळीत केले तर जंतू त्याच प्रमाणात घटतात, असेही सरसकट आढळलेले नाही, तेव्हा बफिंगवर (घासून चकाकी आणण्यावर) वारेमाप खर्च करण्याआधी बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या आत डोकावणारी दुर्बीण, आत घालून जोड पाहावेत, आंधळ्या फांद्या कापाव्यात, आणि धुलाईच्या वेळी नळीतला वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत खरोखर पोहोचतो का हे तपासावे. पंप जुना झालेला असतो आणि कागदावरचा वेग मात्र बसवला तेव्हाचाच राहतो.

हे सारे केल्यानंतरही नव्या पदार्थाची गरज उरली, तर माझा प्रस्ताव असा आहे. आपल्यापैकी एका दुग्धशाळेने आणि एका सिरप कारखान्याने आपल्या लाइनला समांतर असा छोटा लूप बसवू द्यावा, ज्यात नळीच्या भिंतीशी सपाट बसणारे, काढता-घालता येणारे तुकडे असतील : काही विक्रेत्यांच्या लेपांचे, काही साध्या ३१६ एलचे आणि काही इलेक्ट्रोपॉलिश केलेले, म्हणजे विजेच्या साहाय्याने गुळगुळीत केलेले. साधा तुकडा शेजारी नसेल तर लेपाच्या आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून त्याबाबत तडजोड नको. लूपमधून आपलाच माल आणि एमआयडीसीचे बारवी धरणातून येणारे आपलेच पाणी जावे. दिवसाला दोन धुलाया आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर सहाशे चक्रे होतात. तुकड्यांची तपासणी आरंभी, मध्ये आणि सहाशे चक्रांनंतर अशी व्हावी, आणि दरवेळी जिवंत जंतूंबरोबरच उरलेला मळ, लेपाची झीज व मालात उतरलेला धातू किंवा फ्लोरिन यांचेही मापन व्हावे. त्याआधी प्रयोगशाळेत चाळणी करायची असेल तर सीडीसी रिअ‍ॅक्टर हे साधे उपकरण आहे : एका भांड्यात आठ दांड्यांवर चोवीस तुकडे लावून ढवळत्या द्रवात बायोफिल्म वाढवता येते आणि त्याची एएसटीएम या मानक संस्थेची प्रमाणित पद्धतही उपलब्ध आहे. फक्त जंतू आपल्या गटारांतून, गॅस्केटांतून वेगळे केलेले घ्यावेत. विकत आणलेला प्रयोगशाळेतला जंतू आपल्या जंतूंइतका निबर झालेला नसतो. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी दोन्ही येथून तासाभराच्या अंतरावर आहेत. आपण एकत्र गेलो तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या रूपाने हे काम माफक खर्चात होऊ शकेल.

या प्रस्तावातली खरी अडचण पैशाची नाही, हे मी जाणून आहे. आपल्याकडे काउंट येतो हे शेजारच्या कारखान्याला कळू नये असे प्रत्येकाला वाटते; ऑडिटरच्या कानावर गेले तर काय, ही धास्ती असतेच. म्हणून तुकड्यांना आणि कारखान्यांना केवळ सांकेतिक क्रमांक द्यावेत, कोणता क्रमांक कोणाचा हे एकाच व्यक्तीकडे राहावे, आणि फसलेल्या चाचण्यांचे आकडेही यशस्वी चाचण्यांइतक्याच स्पष्टपणे सर्व सहभागींना मिळावेत. फसलेली चाचणी कपाटात गेली की तोच लेप पुढच्या महिन्यात शेजाऱ्याला विकला जातो.

खरेदी विभागप्रमुखांना एक स्वतंत्र विनंती. पुढच्या वेळी प्रतिनिधी येईल तेव्हा त्याच्याकडून तुकडे मागून घ्या, ते कॉस्टिकच्या धुलाईत महिनाभर टाका, आणि नंतर तेच तुकडे त्याच्याच प्रयोगशाळेत तपासून मागा. जो विक्रेता याला तयार होईल त्याच्याशी दराची बोलणी करावी. अन्नसंपर्काबाबतचे लेखी हमीपत्र आणि झिजलेला लेप पुन्हा चढवण्याचा खर्च हे दोन्ही पहिल्याच दरपत्रकात असावेत, कारण लेपाचा पोपडा मालात सापडला तर जंतूंचा प्रश्न बाजूला राहतो आणि बाह्य पदार्थाचा नवा प्रश्न उभा राहतो.

पाऊस सुरू झाला की धरणातून येणारे पाणी गढूळ होते आणि आपल्या लाइनवरचा भार वाढतो, म्हणून लूप मेअखेरपर्यंत बसला तर पहिल्याच हंगामात कठीण काळातले आकडे हाती येतील. जे दोन कारखाने जागा देण्यास तयार होतील त्यांच्यासाठी तुकडे बसवण्याच्या जागा आणि स्वॅब घेण्याचे वेळापत्रक मी विनामोबदला आखून देईन. एक अट मात्र आहे : तो दाबमापकाचा टी-जोड उघडणाऱ्या फिटरसारखा, यंत्राच्या आत हात घालून काम केलेला माणूस पहिल्या बैठकीला बोलावलेला असावा.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ
ऐरोली, नवी मुंबई